स्वस्त हत्यारांत पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे नाही

सोलापुरातल्या एका तरुण फिटरने विचारलंय. आयटीआय झालं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मेंटेनन्सला काही वर्षं काढली, आता विडी घरकुलच्या बाजूला घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं वर्कशॉप टाकायचंय. ग्रिल, गेट, शेडची किरकोळ कामं आणि ओळखीच्या कारखान्यांतल्या मागांची दुरुस्ती, असं मिश्र काम. हातात तीस हजार. फोनवर १०८ पीसची पेटी अडीच हजाराला, ‘४८ व्होल्ट’चं बॅटरी ड्रिल, ‘२०० अँपिअर’चं वेल्डिंग मशीन असं सगळं दिसतंय आणि बेरीज केली तर तीस हजारात अख्खं दुकान उभं राहतंय. वडील म्हणतात, चायना माल घेऊ नकोस, एकच घे पण चांगलं घे. कोणाचं ऐकू?

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. चायना की ब्रँडेड हा खरा प्रश्नच नाही. मोठ्या मोठ्या कंपन्यांचा माल आज चीनमध्ये बनतो आणि आपल्याकडे बनलेला टाकाऊ मालही बाजारात भरपूर आहे. खरा प्रश्न असा, की कोणत्या हत्याराचा स्वस्तपणा नुसता त्रास देतो, कोणत्याचा काम बिघडवतो आणि कोणत्याचा बोटं घेऊन जातो. पहिल्या जातीत पैसे वाचवा. दुसऱ्यात तपासून घ्या. तिसऱ्यात तडजोड करू नका. तीस हजारांची वाटणी यावरच ठरते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. मशीन दिवसातून किती वेळ चालणार? आठवड्यातून दोन गेट करणाऱ्याला जे पुरतं ते रोज सकाळपासून ग्राइंडर धरणाऱ्याला महिनाभरही पुरत नाही. मशीन तुम्ही एकटेच वापरणार की हाताखाली पोरगं ठेवणार? दुसऱ्याच्या हातात जाणारं हत्यार नेहमी एक पायरी वरचं घ्यावं, कारण दुसरा माणूस मशीनच्या आवाजावरून ओळखून थांबणार नाही. शेडमध्येच काम की बाहेर साइटवर? आणि वीज किती मंजूर आहे, हे वेल्डिंगच्या वेळी कळीचं ठरणार आहे. आपला उन्हाळाही हिशोबात धरा. एप्रिल-मे मध्ये बाहेर चाळिशीच्या वर पारा असतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. थंड खोलीत तपासून लिहिलेले आकडे तिथे टिकत नाहीत.

माझा स्वतःचा एक नियम आहे. यंत्राच्या धडापेक्षा टोकाला जास्त पैसे घालायचे. टोक म्हणजे जे कामाला लागतं ते: डिस्क, ड्रिल बिट, पान्याचा जबडा, आटे पाडायचा टॅप, करवतीचं पातं, वेल्डिंगची केबल आणि मोजायची साधनं. साध्या ड्रिल मशीनला चांगलं बिट लावलं तर भोक नीट पडतं. महागड्या मशीनला मऊ बिट लावलं तर नुसता धूर. नवे कारागीर बहुतेक उलटं करतात, मशीनवर सगळे पैसे घालवतात आणि मग दहा रुपयांची डिस्क शोधत फिरतात.

सुरुवात ग्राइंडरपासून करू, कारण फॅब्रिकेशनमध्ये सगळ्यात जास्त चालणारं आणि सगळ्यात जास्त इजा करणारं मशीन हेच. तुम्हाला चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरचं घ्यायचंय. त्याच्या डिस्कचं भोक १६ मिलिमीटरचं असतं आणि मशीन रिकामं साधारण ११ ते १२ हजार फेऱ्यांनी फिरतं. चार इंची चांगल्या कटिंग डिस्कवर १५ हजारांच्या आसपास कमाल फेऱ्या छापलेल्या असतात, म्हणजे हाताशी थोडी सवलत आहे. सात इंची डिस्कची मर्यादा साडेआठ हजार. गार्ड काढून, वॉशर घालून मोठी डिस्क छोट्या मशीनवर चढवणारे महाभाग गावात कमी नाहीत. ती डिस्क फुटते तेव्हा तिचा तुकडा कुठे जाईल हे कोणाच्या हातात नसतं. लाकूड कापायची दातेरी पाती ग्राइंडरला लावणं हा त्याचाच सख्खा भाऊ. तुमच्या शेडमध्ये हे दोन्ही बंद.

मशीन दुकानात असं तपासा. आधी प्लग न लावता स्पिंडल, म्हणजे डिस्क बसते तो दांडा, बोटांत धरून आडवं-उभं हलवून बघा. हलकासा खेळ जाणवला तरी दुसरा नग मागा. मग डिस्क न लावता चालू करायला सांगा आणि मागच्या जाळीतून आत डोकावा. कार्बन ब्रशपाशी, म्हणजे फिरत्या मोटरला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपाशी, बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर ठीक. ते ब्रश टेकतात त्या कॉम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं तर ते मशीन तिथेच ठेवा. बंद केल्यावर ते एका लयीत हळूहळू थांबलं पाहिजे. खर्र करून झटक्यात थांबत असेल तर बेअरिंग किंवा गिअर नीट बसलेले नाहीत. वायर हातात घेऊन वाकवा. कडक प्लॅस्टिकची, सरळ करूनही गुंडाळीचा आकार न सोडणारी वायर आपल्या उन्हात वर्षभरात तडकते. कार्बन ब्रशची टोपी बाहेरून उघडते का तेही बघा, नाहीतर शंभर रुपयांच्या कार्बनसाठी अख्खं मशीन खोलावं लागतं.

आणि दुकानदाराला मशीनची किंमत विचारायच्या आधी त्याच्या आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या गाभ्याची, विचारा. ‘आर्मेचर, फील्ड, गिअर आत्ता दुकानात आहे का?’ एवढंच. तो गल्ल्यामागचा डबा काढून दाखवू लागला तर ते मशीन सोलापुरात जगेल. ‘मागवून देतो’ म्हणाला तर ओळखून घ्या. ऑनलाइनचं अनोळखी नावाचं ग्राइंडर काही दिवस उत्तम चालेलही, पण आर्मेचर जळालं की त्याचं भंगारच. नावाजलेल्या कंपन्यांची साधी ६००-७०० वॅटची मॉडेलं, किंवा आपल्या शिरोळच्या केपीटीसारखी देशी मशीनं इथे चांगली पडतात, कारण त्यांचे भाग मिळतात आणि रिवाइंडिंगवाल्याला ती तोंडपाठ असतात. फक्त गाजलेल्या मॉडेलचे डुप्लिकेट फिरतात. भाव नेहमीपेक्षा फारच खाली आणि बिल कच्चं, असं दिसलं की मशीन पिशवीत भरू नका.

मशीन मध्यम चालेल, डिस्क मध्यम चालणार नाही. चांगल्या डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. ती मुदत संपल्याची तारीख. राळेने बांधलेल्या या डिस्का बनल्यापासून तीन वर्षांच्या धरतात, कारण राळ ओल खाते आणि कमजोर होते. हार्डवेअरच्या दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडलेला गठ्ठा स्वस्तात देतो म्हणाले तर आधी ते कडं वाचा. घरीही डिस्का आडव्या, कोरड्या जागी ठेवा. खिळ्याला टांगून भिंतीवर आपटत ठेवायच्या नाहीत.

तुम्ही मागाच्या शेडमध्ये काम करणार म्हणून एक गोष्ट जास्तीची. टॉवेलच्या कारखान्यातला सुती तंतू ग्राइंडरच्या जाळीत बसतो, हवा अडते आणि चांगलं आर्मेचरही तापून जातं. रोज काम संपल्यावर हवेने झाडून घ्या. त्याहून मोठी गोष्ट आगीची. मागाखाली साठलेल्या तंतूवर ठिणगी पडली तर ती लगेच दिसत नाही, धुमसत राहते. कापायच्या आधी जागा झाडून ओली करा, सुताचे बीम आणि सुटं सूत लांब हलवा, बादलीभर पाणी जवळ ठेवा, आणि काम झाल्यावर निदान अर्धा तास तिथून हलू नका. शक्य असेल तेव्हा भाग काढून शेडबाहेर आणूनच कापावा. मालक घाई करेल, करू द्या.

आता ती १०८ पीसची पेटी. पीस मोजून हत्यारं घेऊ नका. त्या १०८ मध्ये साठेक तर छोटे बिट आणि ॲलन कीच असतात. उरलेल्या सॉकेटांत तुम्हाला रोज लागणारे सातआठ. त्यातला रॅचेट पहिल्या घट्ट बोल्टला दात सोडतो आणि तुमची बोटं मागाच्या फ्रेमवर आपटतात. पेटी घरात मोटारसायकल पुसणाऱ्याला ठीक आहे. धंद्याला पाने सुटे घ्या, लागतील तसे. नाशिकच्या सातपूरला बनणाऱ्या तापडियाचे, किंवा त्याच तोडीच्या दुसऱ्या देशी कंपनीचे पाने आपल्याकडे सगळीकडे मिळतात आणि त्यांचा भाव आवाक्यात असतो. या वर्गात परदेशी नावाला जास्त पैसे देण्याची गरज मला कधी वाटली नाही.

पाना तपासायची रीत सोपी आहे. दुकानात जाताना खिशात एक नवा हाय टेन्साइल बोल्ट ठेवा, डोक्यावर ८.८ ही मजबुतीची खूण असलेला. १७ चं डोकं असलेला एम १० सोयीचा. त्यावर पाना चढवा आणि किती डुलतो ते बघा. चांगला पाना सहज चढतो पण डुलत नाही. डुलणारा पाना बोल्टच्या कोपऱ्यांवर भार देतो आणि दोनचार वेळात डोकं गोल करून टाकतो. मग तो बोल्ट छिन्नीने काढायचा खर्च पान्याच्या किमतीपेक्षा जास्त. जबड्याच्या आतला भाग बोटाने फिरवून बघा. क्रोमचे पापुद्रे किंवा धारदार कंगोरे लागले तर तो मुलामा पुढे निघून तळहात कापणार. सॉकेट घेताना आतून सहा कोनाचे घ्या. बारा कोनाचा चटकन बसतो खरा, पण गंजलेल्या बोल्टवर तोच आधी घसरतो.

मागांच्या कामाला आणखी एक अडचण आहे, जी फोनवरच्या कुठल्याच पेटीत सुटलेली नाही. जुन्या मागांवर अजून इंची बोल्ट भेटतात. अर्ध्या इंची व्हिटवर्थला, म्हणजे जुन्या ब्रिटिश आट्याच्या बोल्टला, इंचाला १२ आटे असतात, तर एम १२ ला १.७५ मिलिमीटरची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. दिसायला जवळजवळ सारखे, पण एक दुसऱ्यात घुसवला की बिडाच्या फ्रेममधले आटे गेलेच म्हणून समजा. म्हणून तुमच्या ओळखीच्या कारखान्यांत एकदा चक्कर मारून कोणत्या मापाचे बोल्ट आहेत ते लिहून आणा आणि त्यानुसार इंची पाने, दोनतीन इंची टॅप आणि एक आटे मोजायचा गेज घ्या. हा गेज अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि मोठं नुकसान वाचवतो. टॅप मात्र एचएसएसचेच, म्हणजे हाय स्पीड स्टीलचे. स्वस्त कार्बन स्टीलचा टॅप भोकात तुटला की तो काढताना निम्मा दिवस जातो आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं.

ड्रिल बिटचंही तेच. सोनेरी रंगाला भुलू नका, तो रंग कशावरही चढवता येतो. बिट एचएसएसचं आहे का हे बेंच ग्राइंडरवर कळतं. मागचं टोक दगडाला हलकं टेकवा. साध्या कार्बन पोलादाची ठिणगी पांढरी-पिवळी, फुलबाजीसारखी फुटते. एचएसएसची तांबूस, मंद, फारशी न फुटणारी. दुकानदार टेकवू देत नसेल तर एक नग विकत घेऊन घरी टेकवा, मग बाकीचे घ्या. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या सेटमध्ये तुम्हाला हवी ती सगळी मापं नसतात. एम ६ च्या आट्याला ५ चं बिट लागतं, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५ आणि एम १२ ला १०.२. यातली ६.८ आणि १०.२ त्या सेटमध्ये सापडत नाहीत. टोटेम, ॲडिसन, मिरांडा अशा जुन्या नावांची हीच मापं दोन-दोन नग घ्या. लहान मापं तुटतात म्हणून ती जास्त घ्या. करवतीच्या पात्यात बायमेटल घ्या, वाकलं तरी मोडत नाही. कानशी रत्नागिरीकडच्या जेके फाइल्सच्या किंवा तशाच, आणि मूठ बसवूनच वापरायच्या.

मोजायच्या साधनांत स्वस्त-महागापेक्षा खरं-खोटं महत्त्वाचं, आणि ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. व्हर्निअर घ्यायला जाताना चांगल्या कंपनीचं नवं बेअरिंग सोबत न्या. ६२०३ चं आतलं भोक १७, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२ मिलिमीटर. ६२०४ असेल तर २०, ४७ आणि १४. बेअरिंगचं भोक आणि बाहेरचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास अचूक बनतात, त्यामुळे ते तुमच्यासाठी फुकटचा गेज आहे. ही दोन मापं घेऊन बघा, जाडीवर तेवढा भरवसा ठेवू नका. जबडे मिटून उजेडाकडे धरा, मधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. वरच्या आतल्या जबड्यांनी भोक मोजायला विसरू नका. स्वस्त व्हर्निअर बहुतेक तिथेच फसतात. या परीक्षेत पास होणारं साधं, ०.०२ मिलिमीटर लघुत्तम मापाचं, देशी व्हर्निअर तुम्हाला पुरेल. डिजिटल स्वस्तातलं घेऊ नका. बटण बंद केलं तरी त्याचा सेल उतरत राहतो आणि ऐन कामात आकडे नाचायला लागतात.

गुण्या तपासायला सरळ कडेचा पत्रा घ्या. कडेला गुण्या लावून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागेवरून पुन्हा मारा. रेघा जुळल्या तर काटकोन बरोबर, फाकल्या तर दिसतोय त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. पाणसळही अशीच, एकदा ठेवून आणि एकदा फिरवून. टेपचं पुढचं हुक हलतं म्हणून टेप परत करणारे लोक मी पाहिलेत. ते हलायलाच हवं. बाहेरून ओढताना आणि आत टेकवताना हुकाच्या जाडीएवढा फरक पडतो, तो ते हलणं भरून काढतं.

वेल्डिंग मशीनकडे वळू, कारण तुमचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जाणार आहेत आणि फसवणूकही इथेच सगळ्यात जास्त आहे. ‘२०० अँपिअर’ हे चिकटवलेलं लेबल आहे, ते कागदावर पडताळून बघू. आर्कचा व्होल्टेज साधारण २० अधिक अँपिअरच्या ०.०४ पट धरतात. २०० अँपिअरला तो २८ व्होल्ट. दोन्ही गुणले की ५,६०० वॅट, तेही फक्त आर्कमध्ये. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर लाइनमधून ६,६०० वॅट ओढले जाणार, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २९ अँपिअर. तुमच्या शेडमधलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं. तिथे २०० अँपिअर येणारच कुठून? हाच हिशोब १२० अँपिअरला केला तर ३,५०० वॅट आणि १५ अँपिअर येतात. पॉवर फॅक्टर, म्हणजे कामी न येता लाइनमधून ओढला जाणारा जास्तीचा करंट, धरला तर त्याहून जास्तच. म्हणजे त्या सॉकेटवर, लेबल काहीही असो, तुमची खरी मर्यादा १२० च्या आतबाहेर.

आणि तेवढं तुम्हाला पुरतं. ग्रिल-गेटच्या पातळ चौकोनी पाइपला १२ नंबर रॉड, म्हणजे अडीच मिलिमीटरचा, ६० ते ९० अँपिअरवर चालतो. जाड अँगलला १० नंबर, ९० ते १३० वर. ८ नंबरचा रॉड लागेल अशा कामाला तीन फेज आणि वेगळं मशीन लागतं, ते आज घेऊ नका. म्हणून २५० आणि ३०० च्या लेबलला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. लेबलऐवजी मागची पट्टी वाचा. तिथे ड्यूटी सायकल लिहिलेली असते, दहा मिनिटांपैकी किती मिनिटं सलग चालेल ते. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं काम, चार मिनिटं विसावा, आणि हे ४० अंश तापमानाला असायला हवं. पट्टीवर हा आकडाच नसेल तर मशीनबद्दल कंपनीलाच खात्री नाही असं समजा. दुकानात आपले १० नंबरचे तीन रॉड घेऊन जा आणि १२० वर एकामागून एक जाळा. तिसऱ्या रॉडच्या आत मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागून ते थांबलं, तर मे महिन्यात पत्र्याखाली त्याचं काय होईल याचा विचार करा.

सोबत फुकट मिळणारी केबल, होल्डर आणि अर्थिंगचा चिमटा हे बहुतेक मशीनांचं सगळ्यात कमजोर अंग. केबलचं टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. अशी केबल तापते, अँपिअर खाते आणि तुम्हाला वाटतं मशीनच कमजोर आहे. मशीन थोडं खालचं घेतलं तरी चालेल, पण २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि पितळी जबड्याचा चिमटा वेगळा घ्या. डोळ्यांची काच आणि हातमोजे या खर्चात धरूनच चला, ते ‘नंतर बघू’च्या यादीत टाकायचे नाहीत.

बॅटरी ड्रिलबद्दल थोडक्यात. ‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्होल्ट’ हे आकडे तुम्ही मनातून काढून टाका. या जातीच्या बहुतेक पॅकमध्ये लिथियमचे पाच सेल ओळीत असतात. एकेक साधारण ३.६ व्होल्टचा, म्हणजे १८, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ प्रमाणे २१. एका कंपनीचं १८ आणि दुसरीचं २१ हे बहुधा एकच असतं. बॅटरी हातात घेऊन वजन बघा. एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच सेलचा पॅक नुसत्या सेलचाच सव्वादोनशे ग्रॅम व्हायला हवा. दहा सेल असल्याचा दावा असेल तर साडेचारशे. पिसासारखी हलकी बॅटरी लागली तर आत काय आहे ते कळलंच. शिवाय हे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, म्हणजे उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली चार्जर लावणं बंद. तुमचं काम बहुतांशी शेडमध्ये, वीज हाताशी. मी आत्ता बॅटरीचं ड्रिल घेणार नाही, १३ मिलिमीटरचं वायरचं घेईन. शिडीवरची कामं वाढली की मग बघा. वायरचं घेताना चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडात, लांब सरळ बिट धरून हाताने फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक गोल फिरत डोलत असेल तर चक वाकडं आहे.

व्हाइस, म्हणजे काम आवळून धरायचा शिकंजा, मात्र नवा घेऊ नका. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या बंद झाल्या, पण त्या काळातल्या बिडाच्या जड व्हाइसची जात भंगारवाल्यांकडे अजून सापडते. त्याच्यापुढे आजचा स्वस्त नवा व्हाइस खेळणं वाटतो. तिथला संवाद ठरलेला. ‘अण्णा, जबडा हलतोय की ओ.’ ‘वजन बघा की मालक, असलं बीड आता कुठं येतंय?’ वजन बघाच, पण सोबत कागदाच्या दोन पट्ट्याही न्या. जबड्याच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टी धरून व्हाइस हलकाच आवळा आणि दोन्ही ओढा. दोन्ही सारख्या घट्ट असतील तर जबडा समांतर आहे. एक सुटत असेल तर एका बाजूने झिजलाय, भाव पाडा किंवा सोडा. स्क्रूचे आटे चौकोनी आहेत का आणि झिजून धारदार झालेत का ते पूर्ण उघडून बघा. दातेरी पट्ट्या झिजल्या असतील तर काळजी नको, त्या तुम्ही स्वतः बनवून बसवू शकता, फिटरच आहात. बिडावर जुनी वेल्डिंग दिसली तर मात्र हात लावू नका. जुनी ऐरण, जुने हातोडे, जुने सी क्लॅम्पही असेच घ्यावेत. ज्यात वायर आणि वाइंडिंग आहे ते जुनं घेऊ नये.

काही गोष्टी आज घ्यायच्याच नाहीत. कॉम्प्रेसर, बेंच ड्रिल, चौदा इंची कटिंग मशीन. कॉम्प्रेसरची गरज रंगकामाला लागेल, तेव्हा घोडाशक्तीचा आकडा न बघता टाकी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. ५० लिटरची टाकी शून्यापासून ८ बारपर्यंत भरते म्हणजे साधारण ४०० लिटर हवा आत जाते. चार मिनिटं लागली तर मिनिटाला १०० लिटर, बाकी लेबल विसरा. तोवर काँक्रीट फोडायचं हॅमर वगैरे भाड्याने आणा.

तर तीस हजार साधारण असे लावा. भाव महिन्या-महिन्याला हलतात म्हणून हिस्से सांगतो. तिसरा हिस्सा वेल्डिंग, केबल आणि डोळ्या-हातांच्या संरक्षणासकट. पाचवा हिस्सा ग्राइंडर आणि ड्रिल मिळून. तेवढाच पाने, सॉकेट, टॅप, बिट, डिस्क आणि पात्यांना. दहावा मोजायच्या साधनांना. दहावा भंगारातल्या व्हाइसला आणि हातोड्यांना. उरतं ते खिशात राहू द्या, पहिल्या कामात जे हत्यार कमी पडेल ते घ्यायला. ते कोणतं असेल हे मला इथून सांगता येणार नाही, गिऱ्हाईक सांगेल. तुम्हाला मागांची कामं ग्रिलपेक्षा जास्त मिळणार असतील तर वेल्डिंगचा हिस्सा कमी करून इंची पाने आणि टॅपकडे वळवा.

खरेदी करताना पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीचं कार्ड दुकानाच्या शिक्क्यासकट. ऑनलाइन घेतलंच तर खोकं परत द्यायची मुदत संपेपर्यंत फेकू नका आणि मशीन पहिल्याच दिवशी पूर्ण ताणून चालवा. सांभाळून, हळूहळू वापरायला काढलेलं मशीन नेमकं मुदत संपल्यावर आपला दोष दाखवतं.